लाइन जोडणाऱ्यालाच लाइन तोडायला पाठवावे का?

सह्यकडा

मी राज्यातील एका मोठ्या वीज वितरण कंपनीत २१ वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहे. माझ्याकडे ३ गावे, त्यांच्या ७ वाड्या आणि त्यांना वीज देणारी ४० रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आहेत. थकबाकीची वसुली आणि त्यासाठी करावी लागणारी वीजतोडणी ही कामे खांबावर चढणाऱ्या कर्मचाऱ्याकडून काढून घ्यावीत आणि त्यांसाठी वेगळे पथक नेमावे, असे माझे ठाम मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

फेब्रुवारी उजाडला की सकाळी कार्यालयात थकबाकीदारांची यादी हाती पडते आणि किती जोडण्या तोडल्या, किती रक्कम भरली गेली, याचा हिशेब संध्याकाळी द्यावा लागतो. नेमके हेच महिने देखभालीचे असतात. उन्हात तापलेल्या चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून अलग ठेवणाऱ्या आधारावर, पहिल्या पावसाचे थेंब पडले की त्याला तडा जातो, त्या तड्यातून प्रवाह खांबात उतरतो आणि ११ केव्हीचा अख्खा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे येणारी उच्चदाबाची वाहिनी, बंद पडतो. जमिनीवरून हा तडा सहसा दिसत नाही. तो शोधण्यासाठी रात्री भर पावसात बॅटरी घेऊन खांबामागून खांब तपासत चिखल तुडवावा लागतो, आणि लोकांना मात्र एवढेच कळते की चार थेंब पडले आणि लाइट गेली. यंदा मला ११० इन्सुलेटर बदलायचे होते. वसुलीतून वेळ काढून ३१ बदलता आले.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. दुरुस्ती करताना माझा जीव बऱ्याच अंशी गावाच्या हाती असतो. उपकेंद्रातील यंत्रचालकाकडून परमिट (लाइन बंद करून काम करण्याची परवानगी) घेतले आणि खांबावरचा एबी स्विच उघडून लाइन तोडली, तरी कोणी घरचा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर अर्थिंग करण्यापूर्वीच, म्हणजे तारा जमिनीशी जोडण्यापूर्वीच, बंद लाइनमध्ये उलटा प्रवाह येऊ शकतो. अशा वेळी ‘भाऊ, थांबा, वरच्या आळीत जनरेटर चालू आहे’ असे ओरडून सांगणारा माणूस गावातलाच असतो. ज्याची वीज मी सकाळी तोडली, त्याने संध्याकाळी मला सावध करावे, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू?

गेल्या मार्चमध्ये मी ज्या घराची वीज तोडली, तेथील मुलगी दहावीच्या परीक्षेला बसली होती. जूनमध्ये त्याच घराजवळ वादळाने तार तुटून पडली. त्या मुलीचे वडील हातात काठी घेऊन, पोरांना आणि गुरांना दूर ठेवीत, मी पोहोचेपर्यंत तेथे उभे होते. मला फोन मात्र त्यांनी शेजाऱ्याकडून करविला.

जमाखर्च

आपल्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु आपले मत मला मान्य नाही. मी अशाच एका कंपनीच्या लेखा विभागात आहे. वितरण कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीजखरेदीचा असतो आणि निर्मिती कंपन्यांची देयके दर महिन्याला समोर उभी राहतात. वसुली थांबली तर आपल्याला हवे असलेले इन्सुलेटर, हातमोजे आणि सेफ्टी बेल्टही वेळेवर येणार नाहीत. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही, म्हणजे ग्राहकाला मुदत मिळालेली असते.

वेगळे पथक नेमायचे म्हटले की प्रत्यक्षात काय होते, याचाही विचार व्हावा. कंत्राटदार चार मुले गोळा करतो आणि त्यांना जेमतेम प्रशिक्षण देऊन खांबावर चढवतो. तोडणी हे देयक पोहोचविण्यासारखे काम नाही, ते बहुधा एलटीच्या (लघुदाबाच्या) जिवंत तारांजवळ उभे राहून करावे लागते. एका खांबावरून घरोघरी जाणाऱ्या आठ-दहा सर्व्हिस वायर निघतात आणि त्यांतील कोणती कोणाची, हे आपल्याला न पाहता सांगता येते, त्या मुलांना येणार नाही. आपल्या खांद्यावरचे ओझे आपण त्यांच्या जिवावर टाकत आहात.

मृगबहार

मी शेतकरी आहे आणि दोघांच्याही बोलण्यात मला काही सुटलेले दिसते. आमच्याकडे कृषिपंपांच्या थकबाकीसाठी एकेक जोडणी न तोडता थेट रोहित्रच बंद केले जात असे. १५ पंपांपैकी चौघांनी पैसे भरलेले असले तरी त्यांचेही पीक वाळायचे आणि सगळ्यांचा राग वायरमनवर निघायचा. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळू लागल्यावर तो राग पुष्कळ ओसरला आहे. घरगुती थकबाकी मात्र अजून आहेच.

तरीही वसुलीला आपला वायरमनच यावा, असे मी म्हणेन. सोयाबीन विकले गेले की पैसे भरतो, असा शब्द मी आमच्या वायरमनला दिला होता आणि त्याने तो मानला, कारण माझे सोयाबीन खळ्यावर पडलेले त्याने येता-जाता पाहिले होते. परक्या पथकाच्या हातातील यादीत खळे दिसत नाही. सह्यकडा दादा, ज्या विश्वासासाठी तुम्ही हे काम सोडू पाहता, तो विश्वास आमच्याकडे अशाच व्यवहारातून तयार झालेला आहे.

निवृत्त शाखा अभियंता

स्मार्ट मीटर आल्यावर वीज दुरूनच तोडता येईल आणि हा प्रश्नच उरणार नाही, असे कोणी सांगेल, म्हणून आधीच लिहितो. आधी पैसे भरून वीज वापरायच्या प्रीपेड स्मार्ट मीटरला २०२४ मध्ये राज्यभर विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांना ते लावले जाणार नाहीत, असे शासनाला जाहीर करावे लागले. भिवंडीत २००७ पासून वितरण खासगी कंपनीकडे आहे आणि तेथील गळती बरीच घटली, पण तेथेही कोणाला तरी दारात जावेच लागते. तोडणीच्या वेळी धक्काबुक्की झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली गुन्हा नोंदवता येतो, परंतु ज्या गावात दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे असते, तेथे किती कर्मचारी तक्रार करतात? माझ्या शाखेतील एकानेही कधी केली नाही.

सह्यकडा

जमाखर्च साहेब, कंत्राटी मुलांविषयी आपण लिहिले, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या जागी अर्धवट शिकलेला मुलगा खांबावर चढावा, असे मला कधीही वाटणार नाही, म्हणून वेगळ्या पथकाची मागणी मी मागे घेतो. मृगबहार दादा, आपल्या वायरमनने शब्द मानला हे खरे, पण मुदत देण्याचा अधिकार त्याला कोणीही दिलेला नव्हता. त्याने ती स्वतःच्या जबाबदारीवर दिली आणि त्या संध्याकाळच्या हिशेबात त्याचा आकडा एकाने कमी भरला असणार.

म्हणून माझी मागणी आता एवढीच आहे की, तोडणीचे रोजचे उद्दिष्ट रद्द करावे आणि मार्चपासून पावसाळ्यापर्यंत प्रत्येक शाखेतील दोन तंत्रज्ञ केवळ देखभालीसाठी राखून ठेवावेत. पीक हाती येईपर्यंतची मुदत किंवा हप्ते नोटिशीतच लिहून देता येतील, असा अधिकार शाखा कार्यालयाला देण्यास आपल्या लेखा विभागाची काय हरकत असू शकते, ते साहेबांनी कृपया सांगावे.