१० हेक्टरचा बिझनेस पार्क: पावसाच्या पाण्याचा हिशोब कसा बांधायचा?

(प्रश्नोत्तरांची चर्चा. माळरान, पाणलोट, उतार आणि मुरूम ही भाग घेणाऱ्यांची टोपणनावं.)

माळरान (प्रश्न)
चाकण–तळेगाव पट्ट्यातला १० हेक्टरचा प्लॉट. आज गवताळ माळ आहे. वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम, मग काळा खडक. तीन टप्प्यांत ऑफिस इमारती, पार्किंग आणि रस्ते होणार. ईशान्य कोपऱ्यातला ओढा पुढे रस्त्याखालच्या मोरीत शिरतो. आर्किटेक्टने सगळीकडे ६०० मिमी पाईप आणि आठ शोषखड्डे दाखवलेत. एवढ्यावर भागेल का?

पाणलोट
नाही भागणार. पाईपचा व्यास नंतर, आधी पाणी किती ते काढा. गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) × पावसाची तीव्रता (मिमी/तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ ३६० केलं की घनमीटर प्रति सेकंद मिळतात. तासाला ८० मिमी पाऊस धरू. खरा आकडा जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून घ्या. आज माळाचा गुणांक ०.३, म्हणजे सेकंदाला ०.६७ घनमीटर. बांधकामानंतर ०.७५ धरला तर १.६७. मोरी तीच आणि पाणी अडीच पट. सेकंदाला वाढलेलं १ घनमीटर आवारातच थोपवायला हवं, म्हणजे तासाभराच्या पावसाला ३६०० घनमीटरचा तलाव.

पाईपला मात्र तासाची तीव्रता लावू नका. लांबच्या टोकाचं पाणी १५ मिनिटांत पोचत असेल तर १५ मिनिटांचीच घ्या. ती १२० निघाली तर मुख्य लाइनला २.५ घनमीटर येतात. १२०० मिमीचा ह्यूम (काँक्रीटचा) पाईप १:३०० उतारावर २.२५ नेतो, १:२०० वर २.७५. ६०० मिमी १:२०० वर जेमतेम ०.४३ नेतो, तो फक्त शाखांना ठेवा.

उतार
पद्धत बरोबर, पण ३६०० कमी पडतील. तलावातून ०.६७ बाहेर जाईल ते तो काठोकाठ भरल्यावर. सुरुवातीला बाहेर जाण्याच्या तोंडावर पाण्याचा दाबच नसतो. पातळी एकसारखी चढते असं धरलं तर सरासरी विसर्ग कमाल विसर्गाच्या दोन-तृतीयांश येतो. तासात ६००० घनमीटर आत येतं, जाईल साधारण १६००. साठवण ४४०० धरा आणि गाळासाठी वर १० टक्के. ३०, ६०, १२० मिनिटं, तिन्ही कालावधींवर तपासा. सर्वांत मोठा आकडा कुठे येईल ते आधी सांगता येत नाही.

१.५ मीटर खोलीला बाहेरच्या तोंडाचा व्यास ५४० मिमीच्या आसपास येतो. पुढे जाळी हवीच, तीही तिरकी आणि तोंडापेक्षा बरीच मोठी. उभ्या छोट्या जाळीवर पहिल्याच पावसात प्लास्टिक आणि गवत चिकटतं आणि तलाव वरून वाहू लागतो.

मुरूम
शोषखड्ड्यांबद्दल. काळी माती भिजली की फुगते आणि भेगा बंद होतात. मग खड्डा पाण्याची टाकी होऊन बसतो. मातीत थांबू नका, मुरमापर्यंत न्या आणि प्रत्येक जागी पाझर चाचणी करा. सलग खडक लागला तर तिथे खड्ड्याचा नाद सोडा. भूजल पुनर्भरणात फक्त छताचं पाणी घाला, तेही फिल्टरमधून. पार्किंगचं तेलकट पाणी जमिनीत मुरवू नये. ते ऑइल ट्रॅपमधून तलावात.

कॅच पिट (पृष्ठभागावरचं पाणी पाईपात घेणारे खड्डे) १५ ते २० मीटरवर, पाईपच्या तळाखाली ३०० मिमी गाळखोली सोडून. ही खोली वाचवली की गाळ थेट लाइनमध्ये जातो आणि तिथून काढणं फार महाग पडतं.

तीन टप्पे आहेत ना? तलाव आणि मुख्य लाइन पहिल्या टप्प्यातच करा. माती उघडी असते तेव्हाच गाळ सर्वांत जास्त येतो. तोवर तलाव गाळखड्डा म्हणून चालतो. इमारती झाल्या की उपसून मूळ खोलीवर आणायचा.

माळरान
ओढ्याला पूर असेल आणि त्याचं पाणी आमच्या तोंडावर चढलं तर?

उतार
तोंडाला फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेरच जाऊ देणारी झडप) बसवा, नाहीतर ओढाच तलावात शिरेल. मात्र फ्लॅप मिटला की बाहेर काही जात नाही, आणि तासाचे सगळे ६००० घनमीटर आतच राहतात. जागा असेल तर साठवण यावरच बेता. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, नकाशावर आधी आखून घ्या. तलावाची भरलेली पातळी सर्वांत खालच्या चेंबरच्या झाकणापेक्षा ३०० मिमी खाली ठेवा, नाहीतर पाणी उलटं पार्किंगमध्ये येईल. बांधाला दगडी पिचिंगचा (दगड रचून मढवलेला) सांडवा द्या, तोही ओढ्याकडे. बेसमेंटच्या रॅम्पकडे नको.