वस्तीत क्यूआर कोड चिकटवला की झालं?

नाझरकचेरी
काल इथे एक लेख आला. त्याचा सारांश असा: कायद्याची माहिती, अर्जांचे नमुने, मोफत वकिलासाठीचा अर्ज असं सगळं ऑनलाइन फुकट आहे, तरी गरीब वस्त्यांतले लोक ते वापरत नाहीत, ही उदासीनता आहे. 9 नोव्हेंबरला, विधी सेवा दिनी, प्रत्येक वस्तीत क्यूआर कोडची भित्तिपत्रकं लावा म्हणजे प्रश्न सुटेल.

‘उदासीनता’ हा शब्द वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माणूस कायदा शोधायला लागतो तो पाकीट हातात पडल्यावर. दिवाणी समन्सवर साधारण असं छापलेलं असतं: ‘आपण स्वतः अगर वकिलामार्फत हजर राहावे, न राहिल्यास दाव्याचा निकाल एकतर्फी करण्यात येईल.’ घरातला सातवी शिकलेला पोरगा ते मोठ्यानं वाचतो. ऐकणाऱ्यांच्या कानात ‘निकाल’ एवढाच शब्द राहतो आणि निकाल लागून गेला असं समजून पाकीट पत्र्याच्या पेटीत जातं. समन्स बजावल्यापासून लेखी जबाबाला 30 दिवस, कारण दाखवून 90 पर्यंत. ते निघून जातात, ‘विना कैफियत’, म्हणजे लेखी जबाबाशिवाय दावा पुढे चालवण्याचा आदेश होतो, मग एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल. तो रद्द करून घ्यायलाही पुन्हा 30च दिवस. नळाजवळच्या भिंतीवरचा क्यूआर कोड या साखळीत नेमका कुठे येतो, ते लेखकानं सांगावं.

त्यातून एखाद्यानं कोड स्कॅन केलाच, तर पुढे काय? संकेतस्थळाचं मुखपृष्ठ उघडतं. त्यावर योजना, छायाचित्रं, उद्घाटनं. ‘मला समन्स आलंय’ असं बटण कुठेही नाही. दाव्याची स्थिती बघायला ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर जावं तर जिल्हा निवडा, न्यायालय संकुल निवडा, मग प्रकरणाचा प्रकार निवडा. तिथे आर.सी.एस., आर.सी.सी., एस.सी.सी. अशी उतरंड. पहिला दिवाणी दावा, दुसरा फौजदारी खटला, तिसऱ्यात बहुतेक न वटलेल्या चेकची प्रकरणं. चुकीचं निवडलं की ‘नोंद आढळली नाही’ असं येतं आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो: केस नाहीच म्हणे!

माझं म्हणणं एवढंच: प्रचारावरचा पैसा आणि श्रम भिंतीवरून काढा आणि समन्सच्या पाकिटावर, समन्स पोचवणाऱ्या बेलीफाच्या हातात आणि वस्तीतल्या विधी स्वयंसेवकाच्या खुर्चीत घाला.

मोफतमाहिती
तो लेख माझाच. ‘उदासीनता’ शब्द चुकला, मागे घेतो. बाकीचं घेत नाही.

तुम्ही फक्त दिवाणी दाव्याचं उदाहरण धरलंत, जिथे ऑनलाइन मदत सर्वात लंगडी आहे. ग्राहक तक्रार बघा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाखल करता येते, मुदत 2 वर्षं. बिल, वॉरंटी कार्ड, पाठवलेल्या नोटिशीची पोच आणि शपथपत्र एवढे कागद स्कॅन केले की ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावरून तक्रार जाते. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर कित्येकदा तिथेच मिटतं. माहिती अधिकाराचा अर्जही तसाच, 10 रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला तीही माफ.

दिवसाचा रोज बुडवून तालुक्याला जाणं ज्याला परवडत नाही, त्याला रात्री दहा वाजता उघडं असलेलं कार्यालय म्हणजे फोनच. नवऱ्याच्या धाकात असलेली बाई विधी सेवा केंद्राच्या पायऱ्या चढताना दिसली तर मार खाते, फोनवर मात्र गुपचूप वाचू शकते. तुमचा विधी स्वयंसेवक वस्तीतलाच असतो. त्याच्यासमोर घरचं सांगायला किती बायका तयार होतात?

सेतूसमोर
बाईच्या फोनबद्दल बोलताय तर हेही ऐका. धाकातल्या घरात फोन बहुतेकदा एकच असतो आणि तो नवऱ्याचा असतो. शोधलेलं सगळं मागे राहतं. मदतीच्या पानावर ‘पटकन बाहेर पडा’ असं बटण आणि ‘पाहिलेलं कसं पुसायचं’ या दोन ओळी सर्वात वर हव्यात. भित्तिपत्रकावर फक्त कोड छापू नका, 15100 हा विधी सेवेचा क्रमांक अंकात, मोठा छापा. साध्या फोनवरून कोड स्कॅन होत नाही, क्रमांक मात्र पाठही होतो.

दुसरी गोष्ट तुम्ही दोघंही सोडताय. ‘ऑनलाइन मोफत’ अर्ज प्रत्यक्षात भरला जातो तो सेवा केंद्राच्या काउंटरवर. तिथे काय बिघडतं ते सांगतो. ओटीपी पटकन यावा म्हणून चालक स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो. खातं त्याच्या नंबरवर तयार होतं. पुढे त्रुटीचा संदेश, सुनावणीची तारीख, सगळं त्याच्या फोनवर. त्याच्याकडे असे शेकडो संदेश. तो कुणाला शोधत जाणार? अर्ज त्रुटीत पडून निकाली निघतो आणि अर्जदार ‘अजून काही आलं नाही’ म्हणून वाट बघत बसतो. उपाय साधा आहे: नंबर स्वतःचा किंवा शेजारच्या विश्वासातल्या माणसाचा द्यायचा, अर्ज क्रमांक कागदावर लिहून घ्यायचा, पोचपावतीची प्रत घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही.

आणि शपथपत्र म्हटलं की मुद्रांक घ्यायला लावतात. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात 2004 च्या आदेशानं मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो. ही एक ओळ प्रत्येक वस्तीत पोचली तरी प्रचार सार्थकी लागला म्हणेन.

शब्दवेडी
मला दुसरंच टोचतंय. नाझरकचेरी, तुम्ही एकाच परिच्छेदात ‘लेखी जबाब’, ‘विना कैफियत’ आणि ‘हुकूमनामा’ लिहिलंत. अधिकृत मदतपानांवर ‘प्रतिकथन’, ‘व्यादेश’, ‘प्रतिज्ञालेख’ असतं. 1998 पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण कुठली मराठी? कोशातली एक, न्यायालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या पिटिशन रायटरची दुसरी, बाईच्या तोंडातली तिसरी. लोक साईट वापरत नाहीत याचं अर्धं कारण हेच आहे. साधी मराठी लिहा, हे फारसी अवशेष काढून टाका.

तूर्तातूर्त
अजिबात काढू नका! ‘कैफियत’ काढलीत तर माणूस न्यायालयात बहिरा होईल. कारकून विचारणार ‘कैफियत आणली का’, रोजनाम्यात, म्हणजे दर तारखेच्या नोंदीत, लिहिलेलं असणार ‘म्हणणे कामी’ (लेखी उत्तरासाठी), बेलीफ म्हणणार ‘दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) जप्ती आहे’. तुमच्या साध्या मराठीत ‘तुमची बाजू मांडणारा कागद’ वाचून गेलेला माणूस तिथे उभा राहून टकमक बघत बसेल. आजही अर्जावर ‘तूर्तातूर्त ताकीद’ लिहितात, आणि तो शब्द ऐकला की पक्षकाराला लगेच समजायला हवं की आजच काहीतरी थांबवण्याचा हुकूम मागितला जातोय.

शब्दवेडी
म्हणजे ज्यांच्यासाठी न्यायालय आहे त्यांनीच त्याची बोली शिकायची? हा युक्तिवाद प्रत्येक कचेरीनं आजवर केलाय. ‘म्हणणे’ शब्द बघा, साधा वाटतो ना? ‘प्रतिवादीने म्हणणे द्यावे’ याचा अर्थ लोक तोंडी सांगणं असा घेतात. तारखेला जातात, पुकारा झाल्यावर बोलायला लागतात, आणि लेखी काहीच दिलेलं नसतं. शब्द ओळखीचा असून फसवतो. अशा शब्दाची पाठराखण करणाऱ्यांनी समोरच्या लाकडी बाकावरून एकदा सुनावणी ऐकावी.

तूर्तातूर्त
पाठराखण शब्दाची नाही, त्या बाकावरच्या माणसाचीच करतोय. व्यवस्था बदलेपर्यंत त्याला आजची तारीख निभवायची आहे. तुम्ही भाषाशुद्धीचं भांडण त्याच्या अंगावर खेळताय!

शब्दवेडी
‘भाषाशुद्धी’ हा आरोप परत घ्या. मी संस्कृत शब्द आणा म्हटलेलं नाही. मनाईहुकमासाठी ‘व्यादेश’ मलाही नको आहे. समजेल असं लिहा, एवढंच म्हणतेय.

मोफतमाहिती
दोघांना विनंती, आवाज जरा खाली. शब्दांपेक्षा मोठा घोटाळा शिळ्या मजकुराचा आहे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं कलम 125 होतं, ते 144 झालं. कितीतरी ‘मोफत नमुने’ अजून 125 वरच आहेत. चुकीच्या कलमानं अर्ज मरत नाही, पण दुरुस्तीत एक तारीख जाते. त्याहून वाईट म्हणजे त्या नमुन्यांसोबत मालमत्ता आणि दायित्वाचं शपथपत्रच नसतं. सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात दोन्ही बाजूंना ते बंधनकारक केलं. ते जोडलं नाही की अंतरिम पोटगीची सुनावणीच लांबते, आणि तेवढे महिने पोरांची शाळेची फी थकते. प्रत्येक पानावर ‘शेवटचं तपासलं’ अशी तारीख असावी, नसेल तर ते पान प्रचारात घेऊच नये.

नाझरकचेरी
हे मान्य. मग तुमच्या लेखातल्या यादीतली निम्मी पानं गळतात, हेही मान्य करा.

मोफतमाहिती
निम्मी नाही, पण काही गळतात. बरं, केलं मान्य.

सेतूसमोर
मोफत वकिलाच्या पानावरचा घोळ राहिला. सगळीकडे ठळक लिहितात ‘गरिबांसाठी’. त्यामुळे बाई उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला हेलपाटे घालते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातली 3 लाखांची मर्यादा उरलेल्यांसाठी आहे. शिवाय नेमलेल्या वकिलानं पक्षकाराकडून पैसे मागायचे नाहीत आणि काम नीट होत नसेल तर वकील बदलून मागता येतो, या दोन ओळी कुठल्याच भित्तिपत्रकावर दिसत नाहीत. पोटगी, घरगुती हिंसा, घटस्फोट, मालमत्ता या वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, 1994 पासून! तीही भरून घेतली जाते.

तूर्तातूर्त
आणि पोस्टमनला परत पाठवायचा सल्ला! चेक वटला नाही म्हणून नोटीस आली की शेजारी सांगतात ‘घेऊच नकोस’. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ शेरा पडला की नोटीस मिळाली असंच धरलं जातं. तिथून 15 दिवसांत पैसे दिले तर फौजदारी टळते. ते 15 दिवस पाकीट न उघडता निघून जातात. यासाठी मला भिंतीवरचं पत्रकसुद्धा चालेल, कारण हा सल्ला पाकीट यायच्या आधी कानावर पडायला हवा.

मोफतमाहिती
म्हणजे भिंत लागतेच.

नाझरकचेरी
या एका गोष्टीसाठी लागते. ‘पाकीट घ्या, उघडा, तारीख बघा, 15100 ला फोन करा.’ चार सूचना, कोड खाली कोपऱ्यात, आणि तो कोड मुखपृष्ठावर न नेता थेट ‘पाकीट आलंय’ या पानावर नेणारा. एवढं असेल तर माझा विरोध नाही. पण समन्ससोबत एक पानी पत्रक जोडण्याची मागणी मी सोडणार नाही. मसुदा असा धरतोय: ‘निकाल अजून लागलेला नाही. वर लिहिलेल्या तारखेला सकाळी न्यायालयात जा. हा कागद सोबत न्या. 30 दिवसांत तुमची बाजू लेखी द्यायची आहे. वकील परवडत नसेल तर त्याच इमारतीत विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा.’

शब्दवेडी
‘तुमची बाजू लेखी द्यायची आहे’ उत्तम. त्यापुढे ‘याला न्यायालयात कैफियत म्हणतात’ असं एक वाक्य घाला. तूर्तातूर्त यांचा तेवढा मुद्दा मला मनाविरुद्ध का होईना, पटलाय.

तूर्तातूर्त
‘कैफियत किंवा लेखी जबाब’ असं लिहा, कारकून दोन्ही म्हणतो. आणि भाषाशुद्धीचा आरोप परत घेतला.

सेतूसमोर
पत्रकाची अक्षरं मोठी ठेवा. आणि तारखेची जागा कोरी सोडून बेलीफानं तिथे हातानं तारीख लिहावी, समन्सच्या छापील मजकुरात ती सापडत नाही.