मदत हवी आहे: निपाणी भागात कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली घरसेवा चांगली आहे की नाही, कसं ओळखायचं?

वेदगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

घरी येऊन पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करणारी, सेवा देणारी संस्था खरंच चांगली आहे की नुसती पाटी लावलीय, हे पारखायचं कसं? निपाणी-चिकोडी-बेळगाव पट्ट्यातल्या कुणाला अनुभव असेल, किंवा कुणी या क्षेत्रात काम केलं असेल, तर कृपा करून सविस्तर लिहा. निर्णय याच आठवड्यात घ्यायचा आहे.

माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, वय ७२. निपाणीजवळच्या खेड्यात राहतात. उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. गालाचा कॅन्सर निघाला, कोल्हापुरात ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. आता तो मानेच्या गाठींत परत आलाय. डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं की यापुढे केमो दिली तर त्रासच वाढेल, दुखणं आवाक्यात ठेवा आणि घरच्या माणसांत राहू द्या. नाकातून नळी आहे, पेज-दूध-औषधं सगळं तिच्यातून. गालाला बाहेरून जखम फुटलीय. शुद्ध पूर्ण आहे, पण बोलणं जवळच्यांनाच कळतं.

दिवसा निभतं. रात्री दोननंतर मात्र बघवत नाही. दुखण्यावर ट्रामाडॉल चालू आहे, ते पुरेनासं झालंय. गावातले डॉक्टर भले आहेत, कधीही बोलावलं तरी येतात, पण यापेक्षा जोराचं औषध माझ्याकडे नाही म्हणतात. काकूंचे गुडघे गेलेत, चुलतभाऊ पहाटेपासून डेअरीच्या कामात, वहिनी शाळेत शिक्षिका. मी बेळगावात नोकरीला, सुट्टीला जातो.

दोन पर्याय समोर आहेत. एक बेळगावची खाजगी संस्था. महिन्याचं पॅकेज, रोज सिस्टर येणार, डॉक्टर फोनवर. दुसरा एका ट्रस्टचं निवासी केंद्र. तिथे पैसे घेत नाहीत, पण लांब आहे आणि घरचं एक माणूस सोबत राहावं लागतं. नावं घालत नाही, कारण दोघांबद्दलही अजून पक्कं मत झालेलं नाही.

खाजगी संस्थेचे व्यवस्थापक खूप गोड बोलले. ऑक्सिजन मशीन, हवेची गादी, मॉनिटर, सगळ्याचे फोटो दाखवले. मी विचारलं, मॉर्फिन कोण देणार? तर म्हणाले, "पेनकिलरची सगळी इंजेक्शनं आमच्याकडे असतात." दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच. ट्रस्टच्या केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी मात्र फोनवर आधी मलाच प्रश्न विचारले: रात्री किती वाजता दुखतं, झोप किती लागते, शौचाला कधी झाली, तात्यांना स्वतःच्या आजाराबद्दल काय माहीत आहे. मला त्या बोलण्याचा धीर आला. पण तात्यांना घर सोडायचं नाही, आणि त्यांची ती इच्छा माझ्यासाठी सगळ्यांत मोठी आहे.

वाचून एवढं समजलंय की जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनेवरच्या औषधांच्या पायऱ्या मांडल्या: आधी साध्या गोळ्या, मग ट्रामाडॉल-कोडीनसारखी, मग मॉर्फिन. तात्या दुसऱ्या पायरीवर अडकलेत. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं फार किचकट होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता असलेल्या संस्थेला ते ठेवता येतं. मग घरी येणाऱ्या संस्थेला थेट "मान्यतापत्र दाखवा" म्हणायचं का?

आणखी दोन गोष्टी छळतायत. काकूंना वाटतं की सलाईन लावलं नाही तर लोक म्हणतील, पोरांनी उपाशी ठेवलं. खाजगीवाले रोज सलाईन लावायला लगेच तयार आहेत, म्हणून काकूंचा ओढा तिकडे. दुसरं म्हणजे भाषा. येणाऱ्या सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतील असं कळलं. तात्यांना कन्नड बाजारापुरतं येतं, आणि आता तर मराठीसुद्धा अर्धं खुणांनी. याने कितपत फरक पडतो?

हिरण्यकेशी

मी बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात आणि नंतर घरभेटीच्या टीममध्ये सिस्टर म्हणून काम केलंय. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. फरक पडतो. दुखणं ठसठसतं की भाजल्यागत, करंट बसल्यागत होतं, हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. भाजल्यागत होतं ते नसेचं दुखणं; त्याला गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखं वेगळं औषध जोडावं लागतं, नुसतं मॉर्फिन वाढवून भागत नाही. गाल-मानेच्या कॅन्सरमध्ये हे फार असतं. सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असल्या तरी चालतील, पण पहिल्या भेटीला वहिनींनी जवळ बसावं, आणि तात्यांना शून्य ते दहा आकड्यांचा किंवा चेहऱ्यांच्या चित्रांचा कागद द्यावा. बोट ठेवायला भाषा लागत नाही.

मान्यतापत्र जरूर मागा. खरं काम करणाऱ्यांना त्याचा राग येत नाही. पण त्याहीपेक्षा पहिली भेट नीट बघा. तासभर तरी बसतात का? तात्यांशी बोलतात की फक्त तुमच्याशी? तोंड, पाठ, माकडहाड बघतात का? औषध घड्याळाप्रमाणे लिहितात की "दुखलं तर द्या" म्हणून? साधं मॉर्फिन दर चार तासांनी द्यायचं असतं, मधेच दुखलं तर जादा डोस किती ते वेगळं लिहून द्यायचं असतं, आणि पहिल्या दिवसापासून सोबत रेचक. ज्यांनी मॉर्फिन लिहिलं आणि रेचक लिहिलं नाही, त्यांना हे काम येत नाही असं मी बेधडक म्हणेन.

नळी आहे म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. साधी गोळी कुटून पाण्यातून नळीत घालता येते. हळूहळू विरघळणारी, जिच्या नावामागे एसआर असतं, ती कधीही कुटायची नाही. सगळा डोस एकदम अंगात जातो. येणाऱ्या सिस्टरला हा प्रश्न विचारून बघा. तिच्या उत्तरावरून तुम्हाला पॅकेजच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त कळेल. कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी सिस्टर म्हणून अटेंडंट पाठवतात. अटेंडंट वाईट नसतात, पण जखमेचं आणि औषधाचं काम त्यांच्यावर टाकणं बरोबर नाही.

जखमेला वास येत असेल तर मेट्रोनिडाझोलची पूड ड्रेसिंगमध्ये वापरतात, वास खूप कमी होतो. वासामुळे माणूस स्वतःहून खोलीत एकटा पडतो, म्हणून याला बारीक गोष्ट समजू नका. आणि मन घट्ट करून विचारा: मानेतून अचानक खूप रक्त आलं तर काय करायचं? "ॲम्ब्युलन्स बोलवा" एवढंच उत्तर आलं तर ती संस्था तुमच्या कामाची नाही. चांगली टीम आधीच सांगून ठेवते: गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवा, दाबून धरा, जवळून हलू नका, आणि गुंगीचं औषध कुठे ठेवलंय, कुणी द्यायचं.

सलाईनबद्दल काकूंना डॉक्टरांनीच सांगायला हवं, आणि त्यांच्यासमोर बसून. शेवटच्या दिवसांत शरीराला पाणी पेलत नाही. सूज येते, छातीत घरघर वाढते. भूक शरीरच बंद करत असतं. ओल्या कापसाने तोंड पुसणं, ओठांना तूप लावणं हे काकूंच्या हातांनी होऊ द्या. काळजी घेतल्याचं समाधान त्यांनाही मिळायला हवं. जी संस्था विचार न करता रोज सलाईन लावते, ती घरच्यांच्या भीतीवर पैसे कमावते.

जांबोटी

आमच्या आईचं दोन वर्षांपूर्वी झालं. एकच सांगते. ठरवायच्या आधी त्यांच्या चोवीस तासवाल्या नंबरवर रात्री साडेअकराला फोन करा. आम्ही केला तेव्हा एकीकडे रिसेप्शनच्या मुलीने "सकाळी करा" म्हटलं. दुसरीकडे सिस्टरने उचलला, नाव विचारलं, आणि शांतपणे ऐकून घेतलं. आम्ही दुसरी निवडली. शेवटच्या रात्री त्याच सिस्टरने फोनवरून माझ्या भावाला औषध कसं द्यायचं ते सांगितलं. आईला त्रास झाला नाही.

केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, म्हणून जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. गावच्या आशाताईंना सांगून ठेवा, त्या खूप धावून येतात.

टिळकवाडी_पहिलं_गेट

कागदांचं कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय संस्थांना २००७ च्या केपीएमई कायद्याखाली नोंदणी लागते. प्रमाणपत्र बघायला मागा.

घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, म्हणजे फॉर्म ४ए, कोण देणार हे आत्ताच ठरवा. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो द्यायचा असतो. खाजगी संस्थेचे डॉक्टर नुसते फोनवर असतील आणि तात्यांना कधी पाहिलंच नसेल, तर त्या दिवशी तुमची धावपळ होईल. २१ दिवसांत नोंद करायची, आणि नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. घाबरून ऐनवेळी कोल्हापूरला नेलं आणि तिथे काही झालं तर सगळे कागद महाराष्ट्रात. सीमाभागात पुढे वारसाच्या कामांना यानेच हेलपाटे पडतात.

तात्या शुद्धीत आहेत तोवर त्यांची इच्छाही लिहून ठेवता येईल. व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको, असं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे मान्य केलं आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. कर्नाटक सरकारने जानेवारी २०२५ मध्ये याबद्दल परिपत्रकही काढलंय.

हिरण्यकेशी

एक राहिलं. निवासी केंद्र पूर्णपणे बाजूला टाकू नका. काही दिवस तिथे राहून दुखणं आवाक्यात आणायचं, घरच्यांनी नळी-जखम-औषध शिकून घ्यायचं आणि मग घरी परतायचं, असंही पुष्कळ लोक करतात. पुण्यात वारज्याला सिपलाचं केंद्र १९९७ पासून आहे, तिथे घरच्या माणसाला सोबत ठेवतात. बेंगळुरूचं करुणाश्रय आणि गोव्यात लोटलीचं शांती अवेदना सदनही आहे. तुम्हाला ही लांब पडतील, पण तुमच्या ट्रस्टवाल्यांना विचारा की अशी थोड्या दिवसांची सोय आहे का. पॅलियम इंडिया या तिरुवनंतपुरमच्या संस्थेकडे देशभरातल्या केंद्रांची यादी आहे, तिच्यात जवळचं काही सापडतं का बघा.

वेदगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हिरण्यकेशीताई, तुमचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला. तिने लगेच वही घातली: वेळ, दुखण्याचा आकडा, दिलेलं औषध, झोप. तात्यांनी काल आठवर बोट ठेवलं. इतके दिवस आम्ही "दुखतंय का" विचारायचो आणि ते मान हलवून नाही म्हणायचे, पोरांना त्रास नको म्हणून.

रात्रीचा फोन दोन्हीकडे करून बघितला. खाजगीवाल्यांचा बंद लागला. ट्रस्टच्या सिस्टरने उचलला. थोड्या दिवसांसाठी दाखल करून घरी सोडायची सोय त्यांच्याकडे आहे, आणि घरी आल्यावर पुढच्या मॉर्फिनसाठी तात्यांना परत आणायची गरज नाही. नातेवाइकाने वही आणि उरलेल्या गोळ्या दाखवून पुढच्या न्यायच्या. तात्यांना तसं सांगितलं. परत घरी आणणार, असा माझ्याकडून शब्द घेतला आणि तयार झाले. काकू सोबत जाणार आहेत.

आता अडचण उरली ती परतल्यावरच्या ड्रेसिंगची. ट्रस्टची घरभेटीची गाडी निपाणीपर्यंत येत नाही. कोल्हापूर किंवा गडहिंग्लजची कुणाची घरभेट टीम कोगनोळी टोलनाका ओलांडून अलीकडे येते का? निपाणीत जखमेचं काम जाणणाऱ्या, एक दिवसाआड येऊ शकतील अशा सिस्टर कुणाला माहीत आहेत का? आणि सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महाराष्ट्राने जाहीर केलेल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अशा उपचाराला कुणाला प्रत्यक्ष मदत मिळाली असेल तर कोणते कागद लागले ते लिहा. फोन नंबर इथे उघड टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप पाठवा.