खुर्चीवर हेल्मेट ठेवलं म्हणजे सीट आपली झाली का?

सात_नंबर
शनिवारी लक्ष्मीनगरात भाऊंच्या घरी पोकर होतं. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ज्याच्या आधी संपल्या त्यानं सकाळचे तर्री-पोहे द्यायचे. तीन नंबरला खुद्द भाऊ, पानं न बघताच रेझ मारतात, म्हणजे बोली वाढवतात. त्यामुळे त्यांच्या डाव्या हाताची चार नंबरची सीट म्हणजे सोनं. खेळ घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, भाऊंनी काय केलं ते बघून मग आपण ठरवायचं. तिथं काका बसलेले. मी सात नंबरला. नऊ वाजताच सगळ्यांदेखत सांगून ठेवलं, काका उठले की ती माझी. साडेदहाला काका उठले तेव्हा मी डावात अडकलेलो. तेवढ्यात उशिरा आलेल्या एका गड्यानं तिथं हेल्मेट ठेवून दिलं. म्हणे, खाली होती! कार्डरूममध्ये, म्हणजे पोकरच्या क्लबात, आधी टेबलावरच्यांना विचारतात, ज्यानं आधी मागितली त्याला देतात, नव्या माणसाला उरलेली सीट. सांगा आता, चूक कोणाची?

तर्रीबाज
हेल्मेटवाल्याची. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायची सवय काही जात नाही बे आपली.

धंतोलीकर
मला नाही पटत. कार्डरूमचे नियम कार्डरूममध्ये. तिथं टेबलं सांभाळणारा फ्लोअरवाला असतो, मागणाऱ्यांची यादी असते, अमेरिकेत तर काही ठिकाणी यादीत पहिला असेल त्याला सीट बदलाचं वेगळं बटण, म्हणजे टोकन, देतात. आपल्याकडे कोण आहे? महाराष्ट्राचा कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६ चा कायदा कधी अंमलात आलाच नाही, २०२३ मध्ये रद्दही झाला. ही घरची बैठक आहे. ज्याच्या घरचा चहा पितो त्याच्याच डाव्या हाताला टपून बसायचं, आणि वर दीड तास आधी जाहीर करायचं? काकांना काय वाटलं असेल, उठा म्हणून मागं लागलाय!

सात_नंबर
टपून काय टपून? सांगून मागितली, चोरून नाही. पोकरमध्ये जागा हाही खेळच आहे. स्पर्धा असती तर चिठ्ठीत निघेल तिथं गुमान बसलो असतो.

इतवारीचा_पत्तेबाज
आमच्या दिवाळीच्या तीन पत्तीत कोणी हलत नाही. साइड शो, म्हणजे दोघांनीच पानं ताडून पाह्यचं, आधीच्या खेळाडूलाच मागायचा असते, त्यामुळे शेजारी कोण हे तिथंही पाह्यतेच माणूस. पण एकदा सतरंजीवर बसला की बसला. मधात उठला तर आजी म्हणते, लक्ष्मी उठवली.

मधली_पानं
एक विचारू का? बिग ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधीच भरायच्या सक्तीच्या चिप्स, दर डावाला एकेक माणूस पुढं सरकतो ना? काका उठले तो डाव संपल्यावर तो कोणाकडे येणार होता?

सात_नंबर
माझ्याकडे. त्याचा इथं काय संबंध?

मधली_पानं
हाच तर संबंध आहे, गड्या! सातवरून चारवर गेला असता तर ब्लाइंड तुला टाळून पुढं गेला असता. चार-पाच डाव फुकट. म्हणून तर नियम आहे की असं सरकलास तर ब्लाइंड लगेच भर, नाहीतर तो तुझ्यापर्यंत येईस्तोवर बाहेर बस. भरणार होतास?

सात_नंबर
कोणी मागितला असता तर भरला असता.

धंतोलीकर
😂 मग हेल्मेटच बरं.

तर्रीबाज
काऊन? ब्लाइंड वेगळा, सीट वेगळी. ब्लाइंड भरून घ्या याच्याकडून, पण सीट यालाच द्या. नऊपासून नंबर लावलाय गड्यानं. हेल्मेटवाला सातवर बसला असता तर काय बिघडलं असतं?

तीन_नंबर
घर माझं, म्हणून बोलतो. पानं मी बघतो. तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा बघत नाही, एवढंच. आणि चार नंबरची खुर्ची मागून मोडकी आहे, काका कंबर धरून उठले ते त्याच्यानंच. हेल्मेट अजून माझ्याकडेच आहे, येऊन घेऊन जा.