नववीतल्या मुलाचे मार्क घसरलेत, नवीन ग्रुपमुळे असेल का?

काळजीवाली_आई: मुलगा नववीत आहे, आठवीपर्यंत ८० च्या खाली कधी आला नाही आणि आता चाचणीत गणितात ४६! यंदा तुकडी बदलली, नवीन चार पोरांचा ग्रुप झालाय, दिवसभर मोबाईलवर खिदळणं चालू. सासूबाई म्हणतात ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. त्या पोरांशी बोलणं बंद करायला लावू का?

खडूवाले_सर: ताई एकदम बंदी नको. म्हणीतल्या पवळ्याला कुणीतरी बांधलं होतं हो, पोरं आपणहून जाऊन बसतात. समाजशास्त्रज्ञ डेनिस कँडेल यांनी १९७८ मध्ये हायस्कूलच्या मुलांच्या जोड्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासल्या होत्या, तर मैत्री व्हायच्या आधीच ती मुलं बरीचशी एकमेकांसारखी होती, शिक्षणाच्या अपेक्षा वगैरे धरून, आणि मैत्रीनंतर अजून सारखी झाली. म्हणजे आधी मन उडालं आणि मग तसे मित्र जमले, असंही असू शकतं. मी वर्गात हे दरवर्षी बघतो.

रात्रपाळी: सर, खरोखर "बांधून" बघितलेलं पण आहे 😄 अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात रूममेट चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले जायचे, त्यावर अर्थशास्त्रज्ञ ब्रूस सॅकरडोट यांचा २००१ चा शोधनिबंध आहे. रूममेटच्या मार्कांचा आपल्या मार्कांवर परिणाम दिसला. पण ती कॉलेजची पोरं होती, नववीतली नाहीत, आणि मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय निवडताना काही फरक पडला नाही. सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत एवढंच.

बॅकबेंचर: माझंच सांगतो, नववीत माझेही मार्क धाडकन पडले, घरच्यांनी नवीन मित्रांना शिव्या घातल्या पण खरं कारण वेगळंच होतं, माझा पहिलीपासूनचा मित्र दुसऱ्या शाळेत गेला आणि गणित आम्ही दोघं मिळून करायचो, मला एकट्याला सुचायचंच नाही, विचारायचं कुणाला? ते नवीन मित्र नसते तर मी शाळेतच गेलो नसतो. तुमच्या मुलाचा जुना मित्र कुठेय सध्या?

खडूवाले_सर: हे महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ कॅथरीन वेंट्झेल वगैरेंच्या २००४ च्या अभ्यासात ज्यांना वर्गात एकही मित्र नव्हता त्या सहावीच्या मुलांचे मार्क कमी आणि मनस्तापही जास्त होता. बंदी घालून त्याला त्या टोकाला ढकलू नका.

काळजीवाली_आई: अगं बाई, हे डोक्यातच आलं नाही. जुना मित्र दुसऱ्या तुकडीत राहिला, दोघं रोज फोनवर गणितं सोडवायचे ते जूनपासून बंदच आहे. आत्ता विचारलं तर म्हणाला "तो आता बिझी असतो" आणि खोलीत गेला. त्याच्या आईचा नंबर आहे माझ्याकडे, उद्या फोन करते. मोबाईलचं मात्र बघावंच लागेल, रात्री १ वाजता कसलं खिदळणं!

रात्रपाळी: ते बघाच. आणि फोन तुम्ही केलात हे त्याला कळू देऊ नका 🙏