लूमिस घ्या, पण आधी नाही

"मुलीला माणसांची चित्रं काढायला शिकायचंय, एकच पुस्तक सांगा" या प्रश्नावर इथे बहुतेकांनी अँड्र्यू लूमिस हा अमेरिकन चित्रकार सुचवलाय. चूक नाही, पण हा माणूस जाहिरातींची चित्रं काढणारा. त्याच्या १९४३ च्या पुस्तकातली आदर्श आकृती आठ डोकी उंच, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या आठपट. आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी निवडणारं कुणी आठ डोक्यांचं नसतं, साडेसात म्हणजे डोक्यावरून पाणी! मी वर्षभर लूमिस गिरवला, तर माझे सगळे काका-मामा सूट घातलेले अमेरिकन दिसायला लागले.

ब्रिजमनचं 'कन्स्ट्रक्टिव्ह ॲनाटॉमी' (१९२०) छाती आणि कटी यांचे ठोकळे एकमेकांवर कसे कलतात ते झकास दाखवतं. पण त्याच्या रेघा घाईच्या. स्नायू कुठला नि सावली कुठली, नवख्याला उमगत नाही. दुसरं पुस्तक म्हणून ठीक.

माझं मत निकोलायडिसच्या 'द नॅचरल वे टू ड्रॉ'ला (१९४१). वाचायचं थोडं, करायचं फार. कागदाकडे न बघता नजरेबरोबर पेन्सिल हळूहळू कडेने सरकवायची. नाहीतर मिनिटभरात नुसती हालचाल पकडायची, नाकडोळे गेले उडत. रविवारी वही घेऊन कमाटीबागेसारख्या बागेत बसा. बाकावर पेंगणारे आजोबा उत्तम मॉडेल, शेंगदाणेवाला मात्र क्षणभर स्थिर राहत नाही. पुस्तकातलं सरावाचं वेळापत्रक नोकरदाराला झेपणारं नाही, ते खुशाल सोडा.

आणि कुठलंही पुस्तक घेताना आधी हातापायांची पानं उघडून बघा. तिथे हात आखडता घेतला असेल तर परत ठेवा.