नर्सिंगचं संशोधन: पोस्ट-टेस्टचे मार्क वाढले, पेशंटचं काय?

पंचगंगाकाठ (धागाकर्ती)
कोल्हापुरातल्या नर्सिंग कॉलेजांच्या लायब्रऱ्यांत एमएस्सीच्या डिझर्टेशनचं, म्हणजे प्रबंधांचं, कपाट असतंच. सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग, आणि शीर्षकं एकाच साच्यातनं काढल्यासारखी: ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची तमुक यांच्या ज्ञानाबाबत परिणामकारकता’. अमुकच्या जागी मधुमेह, स्तनपान, डेंग्यू. तमुकच्या जागी गरोदर माता, कॉलेजच्या मुली, नाहीतर आपल्याच स्टाफ नर्स. आधी प्रश्नावली द्यायची, मग चार्ट आणि फ्लॅशकार्ड घेऊन तास घ्यायचा, आठवड्यानं परत तीच प्रश्नावली, म्हणजे पोस्ट-टेस्ट. मार्क वाढतात. न वाढून सांगतात कुणाला, उत्तरं आपणच दिलेली असतात. पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली, म्हणजे फरक नुसता योगायोगाचा नाही असं गणितानं मानलं, की व्हायव्हा (तोंडी परीक्षा), पेढे आणि कपाट.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या हातून वॉर्डात जे घडतं ते मोजा. सलाईनची सुई दर तीन दिवसांनी बदलायचीच, हा नियम वर्षानुवर्षं पाळला गेला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या तीन रुग्णालयांत क्लेअर रिकार्ड या नर्सच्या नेतृत्वाखाली ३,२८३ रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीन दिवसांनी बदला किंवा गरज पडेल तेव्हा बदला, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच. म्हणजे पेशंटला टोचण्या कमी आणि नर्सचा वेळ वाचला. हा प्रश्न नर्सलाच पडू शकतो, कारण हात तिचा असतो.

गाईड_मॅडम
लिहायला सोपं आहे हो. माझ्याकडे चंदगड, आजऱ्याकडच्या मुली येतात. सातव्या सेमिस्टरला नर्सिंग रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स समोर येतं, तेव्हा मीन आणि मीडियनमध्येच अर्धा वर्ग गारद. एमएस्सीचं म्हणाल तर दोन वर्षं, त्यात थिअरी, पोस्टिंग, सिनॉप्सिस (अभ्यासाचा आराखडा), एथिक्स कमिटी, टूल म्हणजे प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घेणं. हातात डेटा गोळा करायला उरतात काही आठवडे. पेशंटच्या अंगावरच्या कुठल्याही प्रयोगाला आधी डॉक्टरांची परवानगी, मग क्लिनिकल ट्रायल म्हणून नोंदणी. पंचवीस वर्षांच्या मुलीनं हे कसं उभं करायचं? डिझर्टेशन ही रियाजाची पट्टी आहे, मैफल नव्हे. रिकार्डबाईंच्या मागं केवढं मोठं पथक होतं, तेही सांगा की.

नाईट_स्टाफ
दोघीही दिवसपाळीतल्या दिसताय. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम काय, तर शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागं १ नर्स आणि साध्यात ५ मागं १. आमच्याकडं रात्री दोघींवर अख्खा वॉर्ड. त्यात कॉलेजच्या पोरी येऊन ‘सिस्टर, प्रश्नावली भरा ना, दहाच मिनिटं’ म्हणतात. मी डोळे झाकून टिका मारते. तो तुमचा डेटा! आधी माणसं भरा, मग संशोधन करा.

कागलचा_ब्रदर
@नाईट_स्टाफ ताई, माणसं भरायला पण आकडाच लागतोय. लिंडा एकेन ही मूळची नर्स. तिच्या पथकानं पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं धुंडाळून २००२ मध्ये दाखवलं, की एका नर्सकडं एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या महिन्याभरात मरणाची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तवापासून जगभर नर्सेसच्या संघटना हाच कागद सरकारपुढं आपटतात. आपण निवेदनं देतोय, हार घालतोय, गेटवर बसतोय. आकडा कुठाय आपल्याकडं?

आणि विषय तर दारात पडल्यात. २०१९ च्या पुरात शिरोळकडची गावं बेटं झालेली. इन्शुलिनवाले, डायलिसिसवाले त्या दिवसांत कसे तगले, छावणीत नर्सनं काय जुगाड केलं, हे लिहा की. परत पूर आला तर कामाला येईल. त्यापेक्षा पोरींना हात धुण्याचं ज्ञान विचारण्यात काय मजा वाटत्या कुणास ठाऊक.

शाहूपुरीतला_मुलगा
मी नर्सिंगचा नाही, पेशंटचा नातेवाईक म्हणून लिहितो. पंचगंगाकाठ, तुम्ही शिकवण्यालाच हसताय असं वाटलं. माझ्या आईला इन्शुलिन सुरू केलं आणि डिस्चार्जच्या दिवशी कुणीही नीट दाखवलं नाही. ती रोज पोटावर एकाच जागी टोचत राहिली. तिथं गाठ झाली, औषध नीट शोषलं जाईना, शुगर वर-खाली. नंतर एका सिस्टरनी जागा बदलत टोचायला शिकवलं, तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हा शिक्षण कार्यक्रम फालतू असतो असं आम्हाला तरी म्हणता येणार नाही.

पंचगंगाकाठ
शिकवण्याला नाही हसत दादा, मोजण्याला हसते. तुमच्या आईवर डिझर्टेशन झालं असतं तर विचारलं असतं, ‘इन्शुलिन कुठे साठवावे? अ, ब, क, ड’. ‘फ्रीजमध्ये’ लिहून त्या पास झाल्या असत्या आणि गाठ तशीच राहिली असती. महिन्यानं ओपीडीत बोलावून ‘टोचून दाखवा’ म्हटलं, पोटाला हात लावून बघितलं, तर तोच शिक्षण कार्यक्रम खरा अभ्यास होतो.

@गाईड_मॅडम, रियाज म्हणताय तर रियाज खऱ्या सुरावर होऊ दे. मी ट्रायल मागतच नाही. एका वॉर्डातल्या सुया नुसत्या बघायच्या: कधी घातली, कुठल्या हाताला, कधी आणि का काढली, लाली-सूज होती का. औषध बदलायचं नाही, जादा टोचायचं नाही. याला कसली ट्रायलची नोंदणी? एथिक्स कमिटीला अर्ज आणि पेशंटची संमती, बस्स.

गाईड_मॅडम
खरी अडचण बोलून टाकते, मग बसा बोंबलत. कित्येक ठिकाणी कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच संस्थेचं असतं. उद्या माझ्या मुलीनं लिहिलं की पाचातली एक सुई सुजते, तर कॉलेजनं ते छापायचं, हॉस्पिटलनं ऐकून घ्यायचं आणि त्या मुलीनं पुढं तिथंच नोकरी मागायची? मार्केटिंगवाले आधी दारात येतील. ज्ञानाची प्रश्नावली कुणालाच टोचत नाही, म्हणून तर टिकली. आळस फक्त मुलींचा आणि गाईडचा आहे असं समजू नका.

कागलचा_ब्रदर
मॅडम, हे पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं! पण एनएबीएच, म्हणजे दर्जाचं मानांकन, घेतलेल्या हॉस्पिटलात बेडसोरचं (पडून राहून होणाऱ्या जखमांचं) प्रमाण मोजावंच लागतं. म्हणजे आकडे हायत, क्वालिटीवाल्यांच्या कपाटात. तुमच्या पोरींना ते कपाट उघडून द्या. हॉस्पिटलचं नाव झाका, ‘पश्चिम महाराष्ट्रातलं एक रुग्णालय’ लिहा.

गाईड_मॅडम
नाव झाकून काय होतंय? मुलीचं आणि कॉलेजचं नाव कव्हरवर असतं, आणि कोल्हापूर केवढं ते. शिवाय त्या कपाटातले आकडे कोण भरतं, ते नाईट_स्टाफना विचारा.

नाईट_स्टाफ
मीच भरते. महिनाअखेरीला, आठवेल तसं.

आणि सुयांचं म्हणाल तर आमच्याकडं सुईवरच्या मायक्रोपोरच्या चिकटपट्टीवर तारीख-वेळ लिहायचा नियम आहे, पण निम्म्या पट्ट्या कोऱ्या. कॅज्युअल्टीतनं येतानाच कोऱ्या येतात. सुई कधी घातली तेच माहीत नसेल तर तुम्ही मोजणार काय? पंचगंगाकाठ, तुमच्या पोरी पाठवायच्याच असतील तर प्रश्नावली न घेता पाठवा. कॅज्युअल्टीत उभं राहून आधी फक्त कोऱ्या पट्ट्या मोजू देत, रात्रीच्या पण. मी टिका मारणार नाही, पण त्यांना आडवणारही नाही.

पंचगंगाकाठ
रात्रीच्या मोजायला मुली तयार होतील. हॉस्टेलच्या रेक्टर सोडतील का, ते बघावं लागेल. @गाईड_मॅडम, पत्र तुमच्या सहीचं लागेल.

गाईड_मॅडम
कोऱ्या पट्ट्यांवर सिनॉप्सिस पास होत नाही. पण पत्र देते. शीर्षकात ‘परिणामकारकता’ नको म्हणजे झालं.